मिरचीची निर्दोष मुक्तता

आमच्या नंदुरबारात हिवाळ्याला वास असतो. दिवाळी उलटली की बाजार समितीच्या दाराशी लाल मिरचीच्या गाड्या लागतात आणि गावाबाहेरच्या पथाऱ्यांवर, म्हणजे व्यापाऱ्यांच्या वाळवणाच्या मोकळ्या रानांवर, ती मिरची उन्हात पसरली जाते. दुरून पाहावे तर कुणी धरित्रीलाच नवे लुगडे नेसवले आहे असे वाटते. जवळ जावे तर पहिला ठसका लागतो आणि उपमा घशातच राहते. त्या दिवसांत मिरचीचा खकाणा रिक्षात शिरतो, देवघरात शिरतो, वर्गात शिरतो. मी इथल्या महाविद्यालयात आयुष्यभर कविता शिकवली. करुणरस शिकवताना मुले डोळे पुसत, आणि होळीपर्यंत त्याचे श्रेय मी स्वतःकडे घेत असे.

अशा गावात मिरचीवर कोणताही आळ घेता येतो. खोकला झाला, मिरची. नवराबायकोचे वाजले, मिरची. आणि सकाळच्या विधीला बसल्यावर रक्त दिसले तर मग विचारायलाच नको. तेवढ्यासाठी कोणी डॉक्टरकडे जात नाही. ताकाचा तांब्या तोंडाला लावतो.

माझ्या थोरल्या बहिणीने, आक्काने, असे वर्षभर ताक प्यायले. भेटायला येणारा प्रत्येक जण एक नवा थंडावा घेऊन येई. सब्जा, गुलकंद, वाळ्याचे पाणी, कोहळ्याचा रस. तिच्या उशाशी शीतलतेचे प्रदर्शनच मांडले होते. शेवटी तिला सुरतेला नेले, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी आतड्याचा कर्करोग असे स्वच्छ शब्दांत सांगितले आणि उशीर झाला आहे हेही सांगितले. तो शब्द आमच्या घराचा उंबरा कधी ओलांडू शकला नाही. तिच्या तेराव्याला धाकट्या भावासकट सगळी मंडळी हळहळली, "मिरची सोसनी नही बिचारीले," आणि मग सर्वांनी मिरचीचा झणझणीत रस्सा वाढून घेतला.

म्हणून गेल्या हिवाळ्यात निवृत्तांच्या एका मंडळाने आरोग्य शिबिर भरवले, तेव्हा साठी ओलांडलेली मी पहिल्या रांगेत जाऊन बसले. शिबिर आतड्याच्या तपासणीचे होते, पण ते व्यासपीठावरून कुणालाही कळू नये याची पूर्ण दक्षता घेतली होती. प्रमुख पाहुणे हृदयावर बोलले. अध्यक्ष मनावर बोलले. जिच्यासाठी सभा भरली त्या गोष्टीचा उल्लेख "सकाळचा तो विषय" असा एकदाच झाला आणि तेवढ्यावरही मागच्या रांगेतून कुणीतरी खोकले. मला त्यांच्यावर हसण्याचा अधिकार नव्हता. आमच्या कवितेनेही हृदयाला महाल बांधून दिला, डोळ्यांना तळी दिली, आणि जन्मभर निमूटपणे राबणाऱ्या आतड्याला माया तुटण्याच्या वेळेपुरतेच बोलावले.

समारोपाला प्रत्येकाला एक पांढरी, घट्ट झाकणाची डबी मिळाली. झाकणालाच आतून चिमुकला चमचा होता. नमुना आणून द्यायचा होता. डबी इतकी गोजिरी होती की तिचा तसा उपयोग करणे बऱ्याच जणांच्या जिवावर आले. शेजारणीच्या डबीत आज कुंकू आहे. माझ्या एका सहकाऱ्यांनी हिंग ठेवला आणि चमच्याची फार सोय झाली असे मला आवर्जून सांगितले. डबीत जे अपेक्षित होते तेच घालणारी बहुधा मी एकटीच निघाले.

आठवड्याने प्रयोगशाळेतल्या मुलीचा फोन आला. "मॅडम, रक्त आहे. डोळ्यांना न दिसणारं," ती कुजबुजली, जणू ते मी चोरून नेले होते. "कॅमेऱ्याची तपासणी करून घ्या." फोन ठेवला आणि मला आक्काच्या उशाशी ठेवलेल्या वाळ्याच्या पाण्याचा वास आला. तो वास शुभ्र असतो, थंड असतो, आणि खोटा असतो.

संध्याकाळी धाकटा भाऊ आला. तो मिरचीचा व्यापारी; त्याच्या अंगालाच ऋतूचा रंग असतो. त्याला मी सांगितले, न दिसणारे रक्त निघाले आहे.

"लपेल रगत?" तो मोठ्याने हसला. "ताई, माले तर उघडं दिखस! मिरचीना गावमा ऱ्हावानं आणि इतलं बी नही व्हवानं का? दोन दिन ताक पी, बठ्ठं बरं व्हई जाई."

मी कधी रागावले किंवा घाबरले की प्रमाण मराठीत बोलू लागते. "तुला कधीपासून दिसतं?"

"मोजस कोण? मिरची येस, रगत येस. मिरची जास, रगत जास."

"मे महिन्यात मिरची नसते. तेव्हा?"

"तवय आंबा ऱ्हास. आंबा गरम ऱ्हास."

"आणि पावसाळ्यात?"

तो उठला. "ताई, हाऊ तुन्हा वर्ग नही शे," म्हणाला आणि चपला घालून निघाला.

त्या क्षणापासून मला दोघांची काळजी लागली. एक थोरली मिरचीच्या नावावर खर्ची पडली होती. उरलेल्या आम्हा दोघांत तिचेच रक्त होते, माझे लपलेले, त्याचे उघडे. त्याने माझे ऐकावे असे वाटत असेल तर आधी मला जाऊन यायला हवे होते.

सुरतेच्या डॉक्टरांनी फोनवरच पथ्य सांगितले. तपासणीआधी तीन दिवस पालेभाजी नको, कडधान्य नको, कसल्याही बिया नकोत, लाल रंगाचे पेय तर मुळीच नको. मऊ भात, गाळलेले वरणाचे पाणी, दुधी. यजमानांनी हे पथ्य इतक्या निष्ठेने पाळले, म्हणजे माझ्याकडून पाळून घेतले, की दुसऱ्या दिवशी मला भाताच्या शितांचे स्वतंत्र चेहरे दिसू लागले. तिखटाशिवाय जगणे म्हणजे काय ते बाहेरच्या माणसाला कळणार नाही. जीभ तोंडात असते, पण परगावी गेलेल्या माणसासारखी असते.

अशा अवस्थेत भावजय डबा घेऊन आली. डबा उघडताच वाफेबरोबर लसणाचा, तेलाचा आणि आणखी कशाचा तरी तो ओळखीचा दरवळ आला. मी संशयाने पाहिले.

"ताई, एकदम फिकी खिचडी शे," ती म्हणाली. "चारच मिरच्या टाक्यात."

तिच्या डोळ्यांत कपट नव्हते. आमच्याकडे चार मिरच्यांना मिरच्या म्हणत नाहीत. तो केवळ रंग असतो. आजारी माणसाला, बाळंतिणीला, वधूपक्षाच्या परगावच्या पाहुण्यांना आम्ही हेच फिके वाढतो आणि ते रडले तर हळव्या मनाचे समजतो. आणि मी? कवितेचा सूक्ष्म अर्थ लावण्यात जन्म घालवलेल्या बाईने 'फिकी' या विशेषणावर तत्काळ विश्वास ठेवला. सारी खिचडी संपवली. डबा बोटाने पुसला.

तपासणीच्या आदल्या दिवशी सकाळच्या गाडीने आम्ही सुरत गाठली आणि इस्पितळाजवळच्या लॉजवर उतरलो. दुपारी औषधाचा जग समोर आला. त्या पेयाची चव सांगायची तर समुद्राने लिंबाशी संसार मांडला, तो मोडला, आणि त्या दुःखात थोडे प्लास्टिक वितळले. यजमान पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. ते हातात घड्याळ घेऊन कालव्याचे आवर्तन सोडावे तसे पेले सोडत होते. पुढचे वर्णन मी करणार नाही. फक्त एवढे, की विसर्ग त्यांच्या अपेक्षेप्रमाणे झाला आणि त्यांना नोकरीची आठवण आली.

दुसऱ्या दिवशी इस्पितळात मला मागून उघडा असलेला एक निळा झगा दिला. आयुष्यभर पदर सावरला, तो अशा ठिकाणी उपयोगी पडत नाही. गुंगीचे इंजेक्शन दिले, पण मी पूर्ण झोपले नाही. डाव्या कुशीवर निजून पडद्याकडे पाहत राहिले. पोटात वाऱ्याचा फुगवटा, कुठेतरी दूरची ओढ, एवढेच जाणवत होते. पडद्यावर मात्र एक गुलाबी, ओलसर, कमानीमागून कमान उघडत जाणारी वाट होती. पहाटेच्या शिंपल्याच्या पोटासारखी चकाकी. मला खरोखर लाज वाटली, पण झग्याची नव्हे. इतके देखणे काही माझ्यात होते आणि मी त्यावर एक ओळ लिहिली नव्हती याची.

तेवढ्यात त्या गुलाबी भिंतीवर एक लहानसा सपाट सोनेरी ठिपका आला. मग दुसरा. कॅमेरा थबकला.

"बेन," डॉक्टर म्हणाले, "तमे नंदरबारना?"

मी गुंगीत मान हलवली.

"मरचांनां बी," ते सहायिकेला म्हणाले, आणि तिने, जणू रोजचेच, पाण्याची धार सोडून त्या बिया धुऊन काढल्या. लोक आधारकार्डावरून ओळखतात. सुरतेला आमचे गाव असे ओळखले जाते.

पण बिया वाहून गेल्यावर त्यांच्यामागे लपलेले दुसरे काही दिसले. मनुकेएवढा तांबूस कोंब, बारीक देठावर उभा. डॉक्टरांनी सहायिकेपुढे हात केला. एका तारेचा फास त्या देठाभोवती अलगद पडला, आवळला, आणि कोंब सुटून आला. पथारीवर बाया मिरचीचे देठ खुडतात, तशीच सफाई.

नंतर ते माझ्यापाशी येऊन बसले. कोंब तपासायला पाठवला होता. असाच राहता तर काही वर्षांत तो दुसरे रूप घेऊ शकला असता. मी बहिणीचे सांगितले. ते गंभीर झाले. "सख्खी भावंडं किती?"

"एकच भाऊ. त्याला रक्त दिसतं. मिरचीमुळे म्हणतो." आणि मग मला विचारावेच लागले, "मिरचीमुळे होतं का हो?"

"बेन, मिरची पाहुणी. आली, जळजळ केली, गेली. हा कोंब भाडेकरू होता. भावाला पाठवा. लवकर."

काही दिवसांनी अहवाल आला. कोंबात कर्करोग नव्हता. तो वेळेवर खुडला गेला होता. यजमानांनी देवापुढे साखर ठेवली. मी पडद्याचे छापून दिलेले रंगीत चित्र पिशवीत घातले आणि रिक्षा करून थेट भावाच्या पथारीवर गेले.

दुपारच्या उन्हात सगळे रान पेटल्यासारखे लाल होते. तो खाटेवर बसून मालाच्या दराची बोलणी करीत होता. मी चित्र त्याच्या मांडीवर ठेवले. त्याने ते डोळ्यांजवळ नेले, आडवे केले, उभे केले.

"ह्या बिया आपला मालन्या नहीत," तो ठामपणे म्हणाला.

"तुझ्याच घरची खिचडी होती."

"मंग ऱ्हातीन," तो खजील होऊन म्हणाला. "पन बिगाडी काय टाकं त्यास्नी?"

"काहीच नाही. डॉक्टर म्हणाले, मिरचीचा यात काडीचा दोष नाही. ती निर्दोष सुटली."

त्याचा चेहरा फुलला. "मी कायमच सांगस, आपला माल..."

"तू कायम उलटं सांगतोस," मी म्हणाले. खकाण्याने घसा धरला होता, तरी थांबले नाही. "आक्काच्या तेराव्याला सगळा बाजार पंगतीला बसला होता. त्यांच्यासमोर तू म्हणालास, मिरची बाधली. ज्या मालावर तुझं घर उभं आहे, त्याच्या माथी तू तुझ्या बहिणीचा खून मारलास. आता तुझं रक्तही त्याच्याच नावावर लिहितोस. दुसऱ्या कोणी तुझ्या मालाची अशी बदनामी केली असती तर?"

त्याने चित्र पुन्हा डोळ्यांजवळ नेले. देठ खुडणाऱ्या बायांची बडबड वाऱ्यावर येत होती. आजाराने जे साधले नाही, माझ्या काळजीने जे साधले नाही, ते मालाच्या इभ्रतीने साधले.

"मंग काय," तो पुटपुटला, "मिरचीसाठे सुरत जाऊ का मी?"

"मिरचीसाठी जा."

बाजारात कळू द्यायचे नाही ही त्याची अट होती. विचारणाऱ्यांना त्याने सांगितले, सुरतेला कापड घ्यायला चाललो. इतक्या घाईने कापड म्हणजे लग्नाचा बस्ताच, असे बाजाराने ठरवले, आणि आम्ही गाडीत बसेपर्यंत त्याच्या मुलीसाठी दोन स्थळांचे फोन येऊन गेले.

आधीचे तीन दिवस मी त्याला माझ्या घरी ठेवून घेतले. त्याच्या स्वयंपाकघरातल्या 'फिक्या'वर आता कोणाचा विश्वास नव्हता. तो भाताकडे वैऱ्यासारखा पाही. सुरतेच्या त्याच लॉजवर, खिडकीतून तिरपे ऊन येत असता, मी जग भरला आणि पहिला पेला त्याच्या हाती दिला. एका घोटात त्याचे डोळे पांढरे झाले.

"हाई काय पाजी ऱ्हायनी तू माले?"

"समुद्र. पी."

दुसरा पेला त्याने नाक दाबून रिचवला. आक्काचे नाव गेली कित्येक वर्षे आमच्यात कोणी सहजासहजी घेत नसे. तिसरा पेला त्याने ओठांपर्यंत नेला आणि तसाच धरून ठेवला. किती वेळा हात धुतले तरी त्याच्या बोटांना मिरचीचा वास येतच होता. मला तो पलंगाच्या या टोकाला जाणवत होता, उबदार, झोंबरा.

"ताई," तो पेल्यात पाहत म्हणाला, "आक्काले बी हाई पाजाले पाहिजे व्हतं."

"हो," मी म्हणाले. "पी."

त्याने डोळे मिटले आणि प्यायला.