गुडघ्यामागचं लाल कडं

लालबोट्याबद्दल लिहावं असं दुसऱ्या कोणाला वाटणार नाही. मला लिहिता येतं असंही नाही. तीस वर्षं मुकादम होतो, हजेरीपुस्तकाबाहेर फारसं काही लिहिलं नाही. पण त्याच्यावरचा संशय माझ्याच हाताने कागदावर उतरला होता, तेव्हा बाकीचंही मीच लिहिलेलं बरं.

तो जंगलखात्यात झाडांना खुणा करायचा. कापायचं झाड ठरलं की छातीच्या उंचीवर बुंध्याभोवती तांबडं कडं ओढायचं. ब्रश अर्ध्यावर टाकून कडं बोटाने पुरं करायची त्याची खोड, म्हणून हे नाव. रागावली की बायकोसुद्धा त्याला याच नावाने हाक मारायची. अंगाने सडपातळ, तोंडाने तिखट, कामाला वाघ. मी एखाद्या झाडापाशी जास्त वेळ रेंगाळलो की म्हणायचा, "मुकादम, एवढं बघू नका, लाजून आपणच पडेल."

आमच्यात एक रीत होती. काम सुटलं की ट्रकमध्ये चढण्याआधी दोघादोघांनी एकमेकांची मान, पाठ, गुडघ्यामागची जागा तपासायची. गवतातल्या गोचिडी अंगावर चढायच्या. सापडलेल्या गोचिडीवर रंगाचा ठिपका द्यायचा आणि मग ओढायची. रंगाने ती गुदमरते असा आमचा पक्का समज. माझी जोडी लालबोट्याशी.

एका उन्हाळ्याच्या तोंडाला त्याच्या उजव्या गुडघ्यामागे एक सापडली, तिळाएवढी. आधीचे दोन दिवस घाईत तपासणी राहून गेली होती. मी रंग लावला, ओढली आणि विसरलो. आठवड्याभराने तिथेच लाल कडं दिसलं, मधे फिकट. खाज नाही, दुखणं नाही. मी चिंधी थिनरमध्ये बुडवून घासली. कडं गेलं नाही.

"रंग मुरलाय," मी म्हणालो.

झाडं संपली म्हणून आता स्वतःचाच नंबर लावलास काय, असं कोणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. तोही हसला. पुढच्या चार-पाच दिवसांत कडं तळहाताएवढं झालं, आणि मग हळूहळू नाहीसं झालं.

कडं होतं तेव्हाच त्याला दोन दिवस ताप आला. डॉक्टरने काय काय तपासायला रक्त पाठवलं, काही निघालं नाही. पुढे त्याचं रडगाणं सुरू झालं, असं आम्ही म्हणायचो. आज खांदा, उद्या मनगट, परवा नुसता थकवा. एक दिवस कामावर, दोन दिवस घरी. रक्तात काही नाही म्हणजे अंगात काही नाही, हे आम्ही ठरवूनच टाकलं. त्याचा मेहुणा औषधाच्या दुकानात कामाला. तो बहिणीला म्हणाला, की असे चार जण माझ्याकडे रोज येतात, भाऊजींना आजार नाही, कामाचा कंटाळा आलाय. मग तीही पाळत ठेवू लागली. घरात कोणी नाही असं वाटलं की हा लंगडतो का, हे ती दाराआडून बघायची. हे तिनेच मला नंतर सांगितलं, मान खाली घालून.

मी तिच्याही पुढे गेलो. एका दुपारी न कळवता त्याच्या घराशी गेलो. खिडकीतून दिसलं, तो स्टुलावर चढून पडद्याची दांडी बसवत होता. मी आत गेलो नाही. परत येऊन साहेबांना सांगितलं आणि हजेरीपुस्तकात लिहिलं, 'घरी काम करताना आढळला.' त्या दांडीनंतर तो दोन दिवस अंथरुणातून उठला नव्हता. ते पाहायला मी गेलो नव्हतो.

साहेबांनी नोटीस काढली. पंधरा दिवसांत आजाराचं नाव आणा, नाहीतर नोकरीवरून कमी. तोवर त्याचा उजवा गुडघा टरारून सुजला होता. मोठ्या दवाखान्यात जायचं ठरलं तेव्हा साहेबांनी मलाही सोबत धाडलं. सोबत कसली, तो खोटा दाखला मिळवत नाही ना हे बघायला.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. दुखण्याबद्दल त्यांनी थोडंच विचारलं. गवत, जनावरं, चावे यांबद्दल जास्त. गोचिडी रोजच्याच, तो म्हणाला. अंगावर चट्टा आला होता का? नाही, तो म्हणाला. तो खोटं बोलत नव्हता. बायको पुटपुटली, "रंगाचा डाग तेवढा होता."

"कसला डाग?" बाईंनी पेन खाली ठेवलं.

मी गप्प राहिलो असतो तरी कोणी मला काही विचारलं नसतं.

"तो रंग नव्हता," मी म्हणालो. "आमचा रंग थिनरने लगेच निघतो. ते कडं निघालं नाही, उलट वाढलं. मला दिसत होतं."

लालबोट्याने माझ्याकडे पाहिलं. किती मोठं, कुठल्या तारखेला, बाईंनी सगळं माझ्याकडून लिहून घेतलं. मग समजावलं. आजाराचं नाव लाइम. गोचिडीतून येतो. रक्तात जे शोधतात ते तयार व्हायला काही आठवडे लागतात, म्हणून तापात केलेली लाइमची तपासणी कोरी आली तरी तिच्यावर विसंबता येत नाही. तसं कडं दिसलं तर रक्ताची वाटही बघावी लागत नाही. आता पुन्हा दोन टप्प्यांत तपासलं, दोन्हींत निघालं. महिनाभर गोळ्या झाल्या, सूज उतरली, नोकरी राहिली.

पण माणूस पहिल्यासारखा झाला नाही. थकवा राहिला, सांधे ठणकत राहिले, बोलताना साधा शब्द अडायचा. आता मेहुण्याचा सूर बदलला. जंतू आत लपलेत म्हणाला, एक जण सहा महिने सलाईनमधून औषध देतो, त्याच्याकडे नेऊ. बाईंनी नको सांगितलं. रक्तात खूण वर्षानुवर्षं राहते, त्यावरून जंतू जिवंत आहेत असं होत नाही. काहींचं अंग सावरायला महिनोन्महिने घेतं. जास्तीच्या औषधाने फायदा दिसलेला नाही, अपाय मात्र होतो. असं का होतं ते नक्की माहीत नाही, हेही त्यांनी सांगितलं. त्या एका वाक्याने त्याचा बाईंवरचा विश्वास डळमळला.

त्याला डेपोत बसून करायचं काम मिळालं होतं, ओंडक्यांच्या तोंडावर नंबर घालायचं. एका दुपारी ब्रश हातात तसाच धरून तो म्हणाला, "दादा, माझ्यावर सगळ्यात जास्त पाळत तुम्ही ठेवलीत. म्हणून तुम्हालाच विचारतो. मला हे होतंय, की मी करतोय?"

दादा तो मला कधी म्हणायचा नाही. गेले दोन महिने मी त्याला बघत होतो. बऱ्या दिवशी तो तीस ओंडके उरकायचा, वर चेष्टाही करायचा. दुसऱ्या दिवशी रंगाचा डबा उचलवायचा नाही. ढोंग करणारा आपल्या बऱ्या दिवसासाठी इतका हावरा नसतो.

"होतंय," मी म्हणालो. "मी बघतोय ना."

"मग त्या सलाईनवाल्याकडे?"

"बाईंकडेच जा. माहीत नाही ते माहीत नाही म्हणाल्या. आपण तेवढंही म्हणालो नव्हतो."

त्याने ब्रश पुसून ठेवला. "मग आज एवढंच," म्हणाला आणि डब्याचं झाकण लावलं. दोनच वाजले होते. आजवर तो कोणी जा म्हणेपर्यंत रेटत राहायचा, आणि गेलाच तर चार वेळा मागे वळून बघायचा, कोण काय म्हणतंय म्हणून. त्या दिवशी तो ओंडक्यांमधल्या वाटेने सरळ फाटकाबाहेर गेला. लंगडत होता, आणि ते लपवत नव्हता.