तेल अंगावर घेणारे मिस्त्री

तिरोड्याच्या रस्त्यावरच्या आमच्या मिस्त्रींनी आजवर जेवढं इंजिनचं तेल स्वतःच्या अंगावर घेतलं असेल, तेवढं आमच्या जीपनं तिच्या उभ्या जन्मात प्यालेलं नसेल. मी नागझिऱ्याजवळच्या एका रिसॉर्टवर ड्रायव्हर आहे. जीप माझ्यापेक्षा वयानं मोठी. तिचा ऑइल फिल्टर अशा अडचणीत बसवलाय, की एका बाजूला स्टार्टर, खाली ॲक्सल, आणि मधल्या फटीत तो बेटा आडवा झोपलेला. आडवा असल्यामुळं जरा सैल केला की आतलं तेल भांड्यात न पडता हातावरून कोपरात, कोपरावरून बगलेत आणि तिथून बनियनमध्ये उतरतं. फिल्टर तिथं लावणाऱ्या माणसाबद्दल मिस्त्रींचं एक मत ठाम होतं. "ज्यानं हे इथं बसोलं ना, त्याले त्या दिवशी बायकोनं जेवाले देल्लं नसन."

या कामाला मिस्त्री भर मे महिन्यात रेनकोट घालून बसत. बाहेर बेचाळीस डिग्री, रस्त्यावर कुत्रं नाही, आणि हे गळ्यापर्यंत बटणं लावून जीपखाली सरकणार. खाली जमिनीवर राइस मिलमधून आणलेला धानाचा तूस पसरलेला असे, सांडलेलं तेल शोषायला. तेवढ्यानं भागलं असतं तर काय हवं होतं. रेनकोटच्या बाहीतून तेल आत जायचं ते जायचंच, वर त्याला तूस चिकटायचा. संध्याकाळी मिस्त्री घराकडं निघाले की राइस मिलचं यंत्र पायी चाललंय असं वाटे. त्यांची बायको, आमच्या काकू, त्यांना अंगणातच अडवत. "आज कोन जिंकलं?" त्या विचारत. मिस्त्री खाली मान घालून म्हणत, "जीप." मग साबण आणि बादली बाहेर येई.

गाडीखाली गेले की ते डोळे मिटून घेत. पहिल्यांदा मला वाटलं, झोपले की काय, म्हणून घाबरून हाक मारली. "काऊन घाबरला बे?" आतून आवाज आला. "तिथं उघड्या डोळ्यानं काई दिसते का? नाई. मंग उघडे कायले ठेवाचे, तेल भराले? हातानं पाहाचं." आणि खरंच ते हातानं बघायचे. सायकलच्या चेनचा केलेला पाना फिल्टरला गुंडाळून एक हिसका देत, मग फिल्टर उतरवून त्याच्या बसायच्या जागेवरून बोट असं फिरवत, जसं बायका परातीला पीठ राहिलं का बघतात. कधीकधी जुन्या फिल्टरचं रबरी कडं इंजिनलाच चिकटून राहतं. ते हाती लागल्याशिवाय नवा फिल्टर जवळसुद्धा आणू देत नसत.

मी सांगोल्याकडचा. नववीत शाळा सोडलेली. इथं आलो तेव्हा माझं बोलणं लोकांना कळत नव्हतं आणि लोकांचं मला. रोज रात्री वाटायचं, उद्या मालक म्हणतील, जा. माझ्या आधीच्या ड्रायव्हरला त्यांनी एका फुटलेल्या आरशापायी घरी पाठवलं होतं. त्यामुळं कार्तिकात मिस्त्री दोन दिवस गॅरेज बंद करून स्वतःच्या धानाच्या कापणीला गेले, आणि जीपचं तेल बदलायचं राहिलं होतं, तेव्हा मालकांना थांबा म्हणायची माझी हिंमत झाली नाही. मीच खाली शिरलो. डोळे उघडे ठेवून. बगलेपर्यंत तेल आलं तेव्हा जरा अभिमानसुद्धा वाटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहुण्यांना आणायला गोंदिया स्टेशनला निघालो. सहा-सात किलोमीटरवर तेलाचा लाल दिवा लागला. इंजिन तिथंच बंद केलं आणि उतरून मागं बघितलं, तर रस्त्यावर काळी रेघ, थेट वळणापर्यंत. मी मिस्त्रींना फोन लावला. काय बोललो आठवत नाही, बहुतेक रडलोच.

मोपेडवर आले. डोक्यात धानाची काडी, कमरेला विळा तसाच. रेनकोट नाही. रस्त्यावरच खाली शिरले, फिल्टर खोलला आणि बाहेर हात काढून दोन कडी दाखवली, एक नवं, एक जुनं. "जुनं लुगडं फेडलं नाई अन् वरून नवं नेसोलं. आता कसं टिकन ते?"

तेवढ्यात मालक गाडीतून आले. गोंदियाचे, हिंदीच बोलणारे. तेलाकडं बघून म्हणाले, "किसने किया ये? इसने?" डोळ्यांपुढं सांगोल्याचा स्टँड दिसायला लागला.

मिस्त्री गाडीखालूनच बोलले. "सेठ, मेरे चेले का हात है. चेले का हात मतलब मेरा हात. जो बोलना है मेरे को बोलो."

"मिस्त्रीजी, इंजन बैठ जाता तो?"

"बैठा नई ना. लाल बत्ती देखी अन् वहीच बंद किया इसने. दूसरा रहता त स्टेशन तक दामटता."

मालकांनी घड्याळ बघितलं. मग स्वतःच्या गाडीतून पाहुणे आणायला गेले. जाताना मला एवढंच म्हणाले, "कल टाइम पे आना." त्याआधी मिस्त्रींनी मला कधी चेला म्हटलं नव्हतं. मालक गेल्यावर मी पाया पडायला वाकलो, तर ते म्हणाले, "पाया नको पडू बाप्पा, तेलाचा डबा आन."

या गोष्टीला सहा वर्षं झाली. जीप आता फक्त स्वयंपाकघराचं सामान आणते. पाहुण्यांसाठी नवी गाडी आहे, तिचा फिल्टर बॉनेट उघडलं की समोर, जेवणाच्या डब्यासारखा. मिस्त्रींचा गुडघा आखडलाय, त्यांना खाली सरकता येत नाही. म्हणून जीपचं तेल मी बदलतो आणि ते शेजारी स्टुलावर बसून सांगतात, "हातानं पाह्य." खालून मला त्यांचे फक्त पाय दिसतात, एका चपलेतून बाहेर आलेला अंगठा दिसतो. काम वीस मिनिटांत होतं. पण झालं म्हटलं की ते उठून घरी जातात. म्हणून फिल्टर बसला तरी मी तसाच पडून राहतो, तुसावर, आणि ते विचारतात, "झालं का नाई?" मी म्हणतो, "थोडं राहिलंय, मिस्त्री."