बंध्याची माती

नंदाताई गजभिये मुळातच संशयी. टेलिफोन खात्यात साहेबांनी सही मागितली तरी कागद दोनदा वाचायच्या. अकोल्याहून बदली होऊन लखनौला आल्यावर त्यांनी गोमतीच्या बंध्याखाली, म्हणजे पूर अडवणाऱ्या मातीच्या बांधाखाली, घर घेतलं आणि नदीकडेही त्याच नजरेनं बघू लागल्या.

एका उन्हाळ्यात बंध्याच्या उतारावर त्यांना ताजा खड्डा दिसला. आठवड्याभरात तो वाढला. माती भरणाऱ्या ट्रॅक्टरवाल्याला त्यांनी हटकलं, "भैया, ये मिट्टी कहाँ जा रही है?"

"ठेकेदार से पूछिए, बहनजी."

"मम्मी, आपको तो सब चोर लगते हैं," त्यांची मुलगी पिंकी वैतागली.

नंदाताई मात्र ट्रॅक्टरमागे चालत गेल्या. तो त्यांच्याच गल्लीत, दीनानाथरावांच्या नव्या घरापाशी थांबला. जोत्यात भर पडत होती. दीनानाथराव बँकेत नोकरीला होते. परक्या गावात मराठी बोलायला मिळतं म्हणून दोन्ही घरांचं येणंजाणं होतं.

"भाऊजी, ही बंध्याची माती आहे."

"मी ठेकेदाराकडून घेतली, वहिनी. तो कुठून आणतो ते मी कशाला विचारू?"

"विचारलं नाहीत, की विचारायचं नव्हतं?"

दीनानाथराव ट्रॅक्टरकडे वळले. नंदाताईंनी सिंचन खात्यात तक्रार केली, पण कोणी फिरकलं नाही.

भादव्यात गोमती चढली आणि नेमकी त्याच जागी बंधा फोडून गल्लीत शिरली. कमरेएवढ्या पाण्यातून नंदाताई, पिंकी आणि शेजारी वाट काढत निघाले. उंच घर एकच होतं, दीनानाथरावांचं. त्यांच्या बायकोनं, मनीषानं, सगळ्यांना कोरडे कपडे दिले, चहा टाकला.

"इस बार बारिश बहुत हुई," दीनानाथराव कुणालातरी सांगत होते.

नंदाताईंनी कप खाली ठेवला. "पाऊस दरवर्षीच होतो, भाऊजी."

पाणी ओसरल्यावर सरकारी इंजिनिअर आला. फुटलेल्या जागेकडे लांबूनच बघून म्हणाला, "चूहों के बिल होंगे."

नंदाताई तोंड उघडणार, तोच दीनानाथराव पुढे झाले. त्यांनी ठेकेदाराचं नाव सांगितलं आणि म्हणाले, "वह मिट्टी मेरे घर के नीचे है."

ठेकेदाराचं काम गेलं. थंडीआधी बंधा दगड घालून पक्का झाला.

दीनानाथराव मनापासून बोलले, की आपण समोर उभ्या होतो म्हणून, हे नंदाताईंना शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. येणंजाणं चालू राहिलं, पण दीनानाथराव बोलत असले की त्या शब्दांपेक्षा त्यांच्या चेहऱ्याकडेच जास्त बघायच्या.