भिंतीवरच्या फार्मासिस्टबाई

आमच्या गावात औषधांची दुकानं चार, पण फार्मासिस्ट शोधायला निघालात तर चपला झिजतील. बाबा आठवड्यात दोनदा चक्कर येऊन पडले, तेव्हा मी निघाले. त्यांना औषधं देणारे डॉक्टर दोन, आणि एकाची चिठ्ठी दुसऱ्याने पाहिलेली नाही. सगळ्या गोळ्या एकत्र कोणीतरी तपासायला हव्या होत्या.

तीन दुकानांत मला वाटेला लावलं. चौथं आमचं नेहमीचं. मालकांना सगळे ‘डॉक्टर’ म्हणतात, शिक्षण जेमतेम शाळेपुरतं. त्यांच्या डोक्यावर चौकटीत फार्मासिस्टचं प्रमाणपत्र, त्यावर एका तरुण बाईचा फोटो. या कुठे असतात, मी विचारलं. ती आमची भावजय, आत स्वयंपाकात आहे, असं त्यांनी अगदी सहज सांगितलं.

माझं डोकं सणकलं. म्हटलं, बोलवा, मी थांबते.

बाई ओले हात पुसत आल्या. फार्मसीची परीक्षा पहिल्या श्रेणीत पास झालेल्या. लग्न झालं, प्रमाणपत्र दुकानात लागलं आणि या अकरा वर्षं मागच्या खोलीत भांडी घासतायत. दिराला परवाना हवा होता, माणूस नको होता. आणि घरात कोणाला त्यात काही वावगं वाटलं नाही, याचा मला जास्त संताप आला.

त्यांनी माझ्या हातातली बाबांच्या औषधांची पिशवी काउंटरवर ओतली. प्रत्येक पाकीट उलटं करून मोठं नाव सोडून खालची बारीक अक्षरं वाचत गेल्या. मग एक लाल आणि एक निळं पाकीट बाजूला काढलं.

“हे दोन्ही एकच औषध आहे. बाबा रक्तदाबाची गोळी दुप्पट घेतायत.”

“नावं वेगळी आहेत की,” दीर म्हणाले. चार महिने त्यांनीच दोन्ही पाकिटं हसतमुखाने आमच्या हातात दिली होती.

“नाव कंपनीचं असतं, भाऊजी. माणूस गेला असता.”

त्यांनी तिथूनच निळी गोळी लिहून देणाऱ्या डॉक्टरांना फोन लावला, विचारून ती बंद केली आणि उद्या बाबांना तपासून घ्यायला सांगितलं.

दिरांनी घसा खाकरला. आता आत जा, म्हणाले, गॅसवर भाजी आहे.

“गॅस बंद करून आलेय,” बाई म्हणाल्या, आणि माझ्या मागे रांगेत उभ्या असलेल्या एका आजोबांच्या चिठ्ठीसाठी हात पुढे केला.