पाठवणीची चाल

निमगाव केतकीच्या बापूसाहेबांनी जन्मभर लोकांच्या पोरी सासरी धाडल्या. बँडमास्तर माणूस. ट्रम्पेटवाला काय, ढोलवाला काय, सगळे त्यांच्या भुवईकडं बघून वाजवायचे. पण त्यांचा खरा जीव व्हायोलिनवर. तरुणपणी बारामतीला सायकल हाणत जाऊन एका गोवेकर मास्तरांकडं ते शिकले. घरचे करवादायचे, "मेंढरं राखायची सोडून ही कसली कुरकुर आणलीय ह्यानं!"

पाठवणीची चाल त्यांनीच बांधली. बाकीचा बँड गप्प करायचा, एकट्यानं व्हायोलिन वाजवायचं, आणि चाल संपली की नवरीची गाडी हलायची. कळस, शेळगाव, आसपासच्या सगळ्या गावांत ती रीतच पडली. आता लग्नात डीजे दणाणतो, पण पाठवणीला बापूसाहेबच, म्हणजे सगळ्यांचे आबाच लागतात. लोकांना वाटतं, चाल पूर्वापार आहे. ती आपली आहे हे सांगणंही त्यांनी सोडून दिलं. दमले होते हो! खांदा धरायचा, बोटं आखडायची. त्यात मनात एक सल. पाठवणीला घरचं एकेक माणूस पोरीच्या डोक्यावर हात ठेवतं, आणि ह्यांचे दोन्ही हात गुंतलेले. बहिणीच्या वेळी तेच, पोटच्या लेकीच्या वेळीही तेच. ती लेक पुढं प्रतिक्षाला मागं ठेवून देवाघरी गेली.

आजी-आजोबांनीच वाढवलेल्या ह्या नातीच्या लग्नात बापूसाहेबांनी आधीच बजावलं, "ह्या वक्ताला मी वाजवणार न्हाय. मला आजा म्हणून उभं ऱ्हाऊ द्या."

पण पाहुणे ऐकतात होय! "आबा, तुमी वाजवल्याबिगर पोरगी गाडीत कशी बसंल?" व्याही तर हात जोडून उभे. बायको साखरबाई तेवढी भडकली, "अवो, म्हाताऱ्याला जरा माणसात ऱ्हाऊ द्याल का न्हाय?" तिचं कोण ऐकतंय! व्हायोलिन त्यांच्या हातात कोंबलंच.

बापूसाहेब वाजवायला लागले. प्रतिक्षा सगळ्यांच्या गळ्यात पडून रडली आणि गाडीत बसली. चाल सरत आली. संपवली तर पोरगी जाणार, वाजवत राहिलं तर हात मोकळा होत नाही. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून धरली. मग पुन्हा. खांद्यातनं कळा यायला लागल्या, सूर घसरला, बँडवाले एकमेकांकडं बघू लागले. पण गडी थांबेना.

शेवटी प्रतिक्षाच दार उघडून खाली उतरली. शालू सावरत आली आणि तिनं व्हायोलिनवर फिरणारा गज धरला. "आबा, पुरं आता. किती दमलाय तुमी!"

व्हायोलिन थांबलं तशी रीतीप्रमाणं ड्रायव्हरनं गाडी चालू केली.

"बंद कर की रं मुडद्या!" साखरबाई ओरडली. "पोरगी खाली हाय!"

बापूसाहेबांनी हात नातीच्या डोक्यावर ठेवला. व्याह्यांनी घड्याळ बघितलं, मग त्यावर बाही ओढून घेतली. बराच वेळ तो हात तसाच होता.

नंतर गाडी गेली तेव्हा काहीच वाजत नव्हतं. बापूसाहेब मांडवाच्या दारात उभे राहून लहान पोरागत हुंदके देत होते.