मोसंबीची भीती

कंपनीतली पहिली पाळी करून मी बिडकीनहून मोटरसायकलवर घरी निघालो होतो. वळणावर समोरचा टेम्पो कलंडला. मी ब्रेक मारला, गाडी घसरली आणि टेम्पोतली मोसंबी माझ्या अंगावर आली. कॅरेटच्या कॅरेट. लोकांनी बाहेर काढेपर्यंत मी त्या ढिगाखाली होतो. फुटलेल्या मोसंबीचा रस नाकातोंडात जात होता. आता संपलं, असंच वाटलं. निघालं ते एवढंच, की खांद्याचं हाड मोडलं होतं.

दवाखान्यात शेजारच्या चाची भेटायला आल्या. येताना मोसंबी आणली. आजाऱ्याला आणखी काय नेणार?

"बेटा, इससे ताकद आती है," म्हणत त्यांनी पिशवी खाटेवर ठेवली आणि मला दरदरून घाम फुटला. छाती धडधडायला लागली. ईसीजी काढला, तो चांगला आला. दोन दिवसांत मोसंबी घेऊन तिघं आले. ईसीजीही तीन झाले.

शेवटी बायकोच म्हणाली, "अहो, आत्याबाईंनी केळी आणली तवा तुम्ही नीट होता की!"

मनोविकारांच्या डॉक्टरीणबाई आल्या. म्हणाल्या, "मेंदूत बदामाएवढा एक भाग असतो. जिवावर बेतलं की त्या वेळचा वाससुद्धा तो धोका म्हणून धरून ठेवतो."

"पण मला टेम्पोची भीती वाटत नाही."

"टेम्पो तुम्ही पाहिलात किती वेळ? मोसंबीत मात्र पडून होतात."

"मग पुसून टाका ना ते."

"पुसता येत नाही. त्याच्या शेजारी दुसरी आठवण बसवायची."

घरी बायकोनं एक मोसंबी खोलीच्या पार टोकाला, टीव्हीवर ठेवली. रोज एक फरशी पुढं. मी समोर बसून बघायचो. तिसऱ्या आठवड्यात ती माझ्याजवळ बसून मोसंबी सोलायला लागली आणि मी रडलो. चाळिशी ओलांडलेला माणूस, फळाला भिऊन. लई लाज वाटली. सोलायचं थांबवून तिनं माझा हात धरला. तिच्या बोटांना मोसंबीचा वास येत होता. मी हात सोडवून घेतला नाही.

आता क्रांती चौकातल्या गाड्यावर मी अर्धा ग्लास मोसंबीचा रस पितो. पहिल्या घोटाला अजूनही छाती धडधडते. मी थांबतो. परवा गाडेवाल्यानं विचारलं, "काय झालं, कडू हाय का?"

"नाय," म्हणालो, "गोड हाय."