माणिकराव सरांचा सकाळचा मेल

डोणगावचे माणिकराव सर जाऊन दोन वर्षं झाली, तरी रोज सकाळी सात वाजता त्यांचा मेल येतो आणि माझं डोकं फिरतं.

शाळेत गणित शिकवून घरी आले की सरांचा एकच उद्योग. गणिताचं एक मोफत, खुलं सॉफ्टवेअर होतं. जगात मोजकेच लोक वापरतात अशा एका ऑपरेटिंग सिस्टिमवर ते चालतं करायचं. "त्या चार जणांचं कोण करन बे?" म्हणायचे. त्यांच्यामागे ते काम मी, त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यानं, घेतलं. त्यांचं जुनं मशीन मात्र अजूनही रोज माझा कोड उतरवून घेतं, तपासतं आणि त्यांच्या नावानं माझ्या चुका कळवतं.

गेल्या महिन्यात कोड बरोबर आहे का हे बघणारी एक चाचणी काही केल्या पास होईना. वैतागून मी ती चाचण्यांच्या यादीतूनच उडवली. दुसऱ्या दिवशी मेल आला: "एक चाचणी कमी आहे." आठ दिवस तेच. शेवटी ते मशीनच बंद करायला मी डोणगावला गेलो.

सरांच्या पत्नी पंचफुलाबाईंनी मशीनवरचा रुमाल बाजूला केला. लाइट जाऊन आली की त्याच ते सुरू करतात. सरांनी तेवढं एकच बटण त्यांना शिकवलं होतं. मी त्यावर बोट ठेवलं.

"जायच्या आधी सर मले सांगून गेले," त्या म्हणाल्या. "'प्रसेनजित हुशार हाय, पण अडलं का गाळून टाकते. तो मशीन बंद कराले येईन, तवा त्याले इचार, काय गाळलं.' मंग सांग, काय गाळलं रे बाबू?"